बारावा फेरा

गाड्या गोल गोल का फिरवायच्या, हे मला आजही कळलेलं नाही. जिथून निघायचं तिथेच परत यायचं, तेही जीव मुठीत धरून, आणि आल्यावर घामाघूम होऊन एकमेकांच्या पाठीवर थापा मारायच्या. मी नवऱ्याला विचारायचे, "अहो, पण तुम्हाला पोचायचं कुठे असतं?" तो म्हणायचा, "तुला नाही कळायचं." नाही कळायचं तर नाही कळायचं. पण त्या न कळलेल्या खेळात मी एका चांगल्या माणसाचं फार मोठं नुकसान करून बसले. म्हणजे मी केलं की आणखी कोणी केलं, की कोणीच केलं नाही, हा घोळ तर अजूनही पुरता सुटलेला नाही.

नव्वदीतली मधली वर्षं होती. आम्ही मस्कतला, वादी अदाईत राहायचो. नवरा मेकॅनिकल इंजिनियर, एका गॅरेजचं वर्कशॉप सांभाळायचा. मी कुरुमला एका कन्सल्टंटच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करायचे. दिवसभर ट्रेसिंग पेपरवर रस्ते, गटारं, जिने काढायचे आणि त्यावर एकसारख्या अक्षरात मजकूर लिहायचा. माझं लेटरिंग फार चांगलं होतं. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. सुट्टी शुक्रवारची. आमची एप्रिलमधली जयंतीसुद्धा जवळच्या शुक्रवारी सरकायची, मग बाकीच्या गोष्टींची काय कथा!

नवऱ्याच्या वर्कशॉपमध्ये एक पेंटर होता. वसईचा, कॅथलिक. ठोकलेल्या गाड्या सरळ करायच्या आणि रंगवायच्या, हे त्याचं काम. पोचा आलेला पत्रा तो डोळे मिटून हाताने चाचपायचा आणि मग आतून असा ठोकायचा की वरून पुट्टी भरायची वेळच यायची नाही. पुट्टीचा त्याला भारी राग. "पुट्टी म्हणजे खोटं बोलणं, वहिनी," असं मला ऐकवायचा. त्याची बायको एका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला. दोघं दर शुक्रवारी मत्रहच्या बाजारातून मासळी घेऊन आमच्याकडे यायची. ती साफ करायची, मी रांधायचे, आणि पुरुष दोघं बाल्कनीत बसून गाड्यांवर बोलायचे. मी तिला चिडवायला पेंटरीणबाई म्हणायचे, ती मला ड्रॉइंगबाई म्हणायची. परक्या गावात याहून जवळचं माणूस मला नव्हतं.

तेव्हा मस्कतमध्ये हौशी लोकांचा एक मोटर क्लब होता. बहुतेक गोरे, थोडे ओमानी, दोन-चार आपले. त्यांच्याकडे साठच्या दशकातल्या जुन्या स्पोर्ट्स गाड्या. दोन सीटच्या, बिनटपाच्या, आत बसलं की बूड रस्त्याला घासतंय की काय असं वाटणाऱ्या. आठवडाभर कोणी बँकेत, कोणी तेलकंपनीत साहेबी करायची, आणि सुट्टीच्या सकाळी या भंगारात शिरून एकमेकांच्या मागे सुटायचं. वर्षातून एक मोठी शर्यत व्हायची. ती जो पुरी करील त्याचं नाव क्लबच्या खोलीतल्या लाकडी फळ्यावर सोनेरी अक्षरात लागायचं. जिंकायलाच पाहिजे असं काही नाही. पुरी करायची, बस्स.

आणि ती सोनेरी अक्षरं आमचा पेंटर लिहायचा. आठ वर्षं लिहीत होता. दर मार्चमध्ये सेक्रेटरी त्याला यादी द्यायचा, हा बारीक ब्रश घेऊन स्टुलावर चढायचा आणि एकेक नाव श्वास रोखून काढायचा. स्वतःचं नाव त्यात यायचा प्रश्नच नव्हता, कारण शर्यतीला गाडी लागते. एकदा मासे साफ करता करता पेंटरीणबाई म्हणाली, "ह्यांना ना, एकदा त्या फळ्यावर स्वतःचं नाव लिहायचंय. झोपेत बोटांनी उशीवर लिहितात." मला फस्सकन हसू आलं. वर बघते तर तो दारात उभा. कानापर्यंत लाल झाला होता. माझं हसू तोंडातच राहिलं.

मग गाडी मिळाली. बरकाच्या एका बागेत खजुराखाली पडून होती, सीटवर कोंबड्यांनी अंडी घातलेली. बागेचा अर्बाब, म्हणजे मालक, म्हणाला, घेऊन जा, खलास, तेवढीच जागा मोकळी होईल. इंजिन माझ्या नवऱ्याने उघडलं, पत्रा पेंटरने. दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत माझ्या नवऱ्याने घरातला एक बल्ब बदलला नाही, हे मी त्याच वेळी बोलून दाखवलं होतं आणि आता लिहूनही ठेवते. रंग पेंटरने स्वतः मिसळला, कैरीच्या सालीचा हिरवा. गाडी उन्हात उभी राहिली तेव्हा मी तिच्याभोवती दोनदा फिरून आले. इतकी देखणी वस्तू आमच्या घराशी संबंधित कधी नव्हती.

शर्यतीची जागा अमरातच्या बाजूला. तिथे नव्या वस्तीचे प्लॉट पडले होते. रस्ते झाले, दिवे लागले, फुटपाथ झाले, पण घर एकही नाही. त्याचं ड्रॉइंग आमच्याच ऑफिसात झालेलं, त्यामुळे तो गोल रस्ता माझ्या पेनाखालून गेलेला. पोलिसांनी नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळची परवानगी दिली. नियम असा होता: एका गाडीला दोन ड्रायव्हर. पहिला बारा फेरे मारणार, दुसरा बारा. ज्याचे बारा पुरे, त्याचं नाव फळ्यावर. फेरे मोजायला प्रत्येक गाडीने आपापली माणसं आणायची आणि बारा झाले की त्यांनीच पाटी दाखवून गाडी रस्त्याकडेच्या आवारात घ्यायची. क्लबचा एक माणूस सगळ्या गाड्यांचं टिपून ठेवायचा, पण तो पडताळा नंतर. आणि एकदा गाडी आवारात आली की त्या ड्रायव्हरला परत रस्त्यावर सोडत नसत. का नाही? मी विचारलं होतं. "सेफ्टी," म्हणाले. सेफ्टी म्हटलं की पुढे बोलणंच खुंटतं.

आमच्या गाडीचे फेरे मोजायला आम्ही दोघी. पाटी पेंटरने केली होती, पांढऱ्यावर लाल, देवनागरीत 'खलास'. म्हणजे दुसऱ्या गाडीवाल्याने चुकून आपली समजू नये. बघा, माणसाने किती विचार केला होता!

पहिले बारा फेरे नवऱ्याचे. मी कागदावर रेघा मारत गेले, चार उभ्या, एक आडवी. काही अडचण नाही. बारा झाले, पाटी दाखवली, नवरा आत आला. गाडी अशी तापलेली की रेडिएटरचं झाकण सैल केल्याबरोबर उकळतं पाणी फवाऱ्यासारखं उडालं आणि नेमकं माझ्या कागदावर आलं. कागदाचा लगदा झाला. मी म्हटलं, मरू दे, बोटं आहेत की! कुकरच्या शिट्ट्या काय आपण कागदावर लिहून ठेवतो? अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला आणि तयार झाले.

पेंटरने हेल्मेट घातलं, छातीवर क्रूस काढला आणि गाडीत बसता बसता म्हणाला, "वहिनी, बरोबर मोजा हं." मी म्हणाले, "अरे, मी मिलिमीटर मोजणारी बाई आहे, तू रस्ता बघ." उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

तो गेला. चार-पाच मिनिटांनी तो कैरीचा हिरवा रंग वळणावर दिसायचा, आमच्या समोरून आवाजाचा लोंढा जायचा, आणि माझा अंगठा एक पेर पुढे सरकायचा. करंगळीवर तीन. मग शेजारच्या बोटावर चौथा, पाचवा. तेवढ्यात कोणीतरी माझा खांदा ओढला. नवरा तंबूच्या मागे ओकत होता. धुराचा पाइप कुठेतरी फुटला होता आणि बारा फेरे तो तोच धूर पीत बसला होता. मला जावं लागलं. पेंटरीणबाई शेजारीच होती, पण समोरून एकामागोमाग सहा गाड्या चाललेल्या, कानाशी ओरडलं तरी ऐकू जाईना. मी तिच्यासमोर हात धरला. अंगठा होता तिथे, करंगळीशेजारच्या बोटाच्या मधल्या पेरावर. तिने मान डोलावली आणि आपला अंगठा आपल्या हाताच्या त्याच पेरावर ठेवला. मी धावले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा कुठे कळत होतं!

नवऱ्याचं डोकं धरून, त्याला पाणी पाजून, आमच्या सहा वर्षांच्या मुलीला त्याच्याजवळ बसवून मी परत आले तेव्हा पेंटरीणबाई पाटी उंच धरून नाचत होती. खलास! हिरवी गाडी आत वळली. त्याने इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं आणि बायकोकडे बघून विचारलं, "झाले?" ती म्हणाली, "झाले हो, झाले!" त्याने बॉनेटवर दोन्ही हात टेकले आणि डोकं खाली घातलं. मला वाटलं, बरं नाही की काय. पण तो रडत होता. मीही रडले. गाड्या गोल फिरवण्यात काय असतं ते तेवढं एक मिनिट मला कळल्यासारखं वाटलं.

मग आमची मुलगी तिच्या त्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "आई, तो मॅन बोलतो, अंकलचा एक राउंड बाकी आहे."

क्लबच्या माणसाच्या कागदावर अकरा होते. मी भांडले. मराठीत, हिंदीत, इंग्लिशमध्ये, जे तोंडात येईल त्यात भांडले. शेजारच्या गाडीच्या लोकांनी आमच्याही रेघा मारल्या होत्या, त्यांचेही अकरा. पेंटरने काही वाद घातला नाही. तो म्हणाला, "एकच ना? जातो मी परत," आणि एक पाय गाडीत टाकला. सेक्रेटरी, एक म्हातारा इंग्रज, बिचारा अगदी कळवळून म्हणाला, सॉरी, नियम आहे. पेंटर एक पाय आत, एक बाहेर असा कितीतरी वेळ उभा राहिला. मग त्याने पाय बाहेर काढला, फडकं घेतलं आणि गाडीच्या दारावरची धूळ पुसायला लागला.

 घरी येताना माझ्या डोक्यात मोजणी चालूच. मी पाच मोजून दिले, यात तिळमात्र शंका नाही. की चारच होते आणि मी पाच समजले? की पाचवा मोजला तेव्हा गाडी दुसऱ्याच कोणाची होती? हिरव्या गाड्या आणखी होत्या का? पेंटरीणबाई शपथ घेऊन सांगत होती की तिने बारा झाल्याशिवाय पाटी उचलली नाही. ती खोटं बोलणारी नव्हती. मीही नव्हते. कागदही नव्हता. मग?

नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "आता जाऊ दे ना." त्याला काय, त्याचे बारा पुरे होते.

त्यानंतरच्या शुक्रवारी मासळी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. भांडण झालं नव्हतं, कोणी कोणाला बोललं नव्हतं, पण मला वाटायचं तिला माझा संशय आहे, आणि मला तर तिचा होताच. लाज वाटते सांगायला, पण होता. ऑफिसात रेघ ओढताना मध्येच माझा अंगठा बोटावर जायचा आणि मी पहिल्यापासून मोजायला लागायचे. एकदा शाई सांडली. वरच्या साहेबाने विचारलं, तब्येत बरी आहे ना? मी म्हणाले, "मला पाचपर्यंत मोजता येतं की नाही ते बघतेय." तो आणखीच गोंधळला.

नाताळच्या आधी ती स्वतः आली. दारात उभी राहूनच म्हणाली, "करंज्या भरायला हात कमी पडतात. येणार असलीस तर ये." असं काय बोलावणं! पण गेले. राग नाकावर घेऊन गेले आणि पुऱ्या लाटायला बसले. ती भरून, कातून, ताटात लावत होती आणि सवयीने बोटांवर मोजत होती. मी सहज बघितलं. करंगळीवर एक, दोन, तीन, आणि मग अंगठा बोटाच्या टोकावर. चार.

"अगं, टोक कशाला मोजतेस?"

"म्हणजे?"

"बोटाला पेरं तीन."

"आणि टोक काय फुकट? आमच्याकडे टोकासकट चार. आई केळीच्या फण्या अशाच मोजायची. एक हात म्हणजे सोळा."

"हात म्हणजे बारा!"

"सोळा."

"अगं बारा, बाई, बारा! कुठलाही हात बारा!"

 माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. करंगळीशेजारच्या बोटाचं मधलं पेर. माझ्या हातावर ते पाच होतं. तिच्या हातावर तेच सहा. मी पाच दिले, तिने सहा घेतले, आणि त्या आवाजात आकडा उच्चारायची अक्कल दोघींनाही झाली नाही. इतकी वर्षं एकत्र स्वयंपाक केला, मापटी घातली, शिट्ट्या मोजल्या, आणि एकमेकींचा हात कधी बघितलाच नाही! ती पिठाचे हात तोंडाला लावून रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. माझ्या मनातला संशय तिला सांगून टाकला, तिने तिच्या मनातला मला सांगितला. मग जरा हसलो, मग परत रडलो. करंज्या वाळल्या त्या वाळल्याच.

तो कामावरून आल्यावर त्याला समोर बसवून दोघींनी हात दाखवले. तो बराच वेळ माझी बोटं बघत होता, मग बायकोची. मग म्हणाला, "म्हणजे वहिनींचं बरोबर?"

"हो."

"आणि हिचंही बरोबर?"

"हो."

"मग फेरा गेला कुठे?"

 

पण मी स्वस्थ बसणारी बाई नव्हे. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ट्रेसिंगवर दोन हात काढले, पूर्ण मापात. एका हातावर एक ते बारा, दुसऱ्यावर एक ते सोळा, आणि दोन्हीकडे त्या मधल्या पेराला बाण. खाली माझ्या उत्तम अक्षरात खुलासा. ते भेंडोळं घेऊन थेट क्लबच्या सेक्रेटरीपुढे गेले, कोणालाही न सांगता. म्हाताऱ्याने चष्मा लावून बघितलं, मग स्वतःची बोटं बघितली. त्यांच्यात अख्खं बोट म्हणजे एक. त्याला वाटलं मी हातमोज्याचं ड्रॉइंग आणलंय. अर्धा तास समजावलं. शेवटी तो म्हणाला, "थोडक्यात, चूक मोजणाऱ्यांची आहे, चालवणाऱ्याची नाही. त्याला पाटी दाखवली नसती तर तो थांबला नसता." मी म्हणाले, "तेच तर!" त्याने यादी काढली आणि माझ्या नवऱ्याच्या नावाखाली पेन्सिलीने पेंटरचं नाव लिहिलं. मी रुवीपर्यंत गाणं म्हणत टॅक्सीने आले. ड्रायव्हर आरशातून बघत होता.

मार्चमध्ये क्लबचं जेवण होतं. नवीन नावांचा फळा भिंतीवर लागला होता. मी सगळ्यांच्या आधी जाऊन बघितलं. माझ्या नवऱ्याचं नाव होतं, सुरेख, सोनेरी. त्याखाली एक ओळ मोकळी. आणि मग पुढचं नाव.

मी त्याला कोपऱ्यात गाठलं. "यादीत तुझं नाव होतं!"

"होतं."

"मग लिहिलं का नाहीस? मी त्या म्हाताऱ्यापुढे अर्धा तास बोटं नाचवली!"

"वहिनी, गाडी अकरा वेळा फिरली. बारावा मी मारलाच नाही. ही अक्षरं पुट्टी भरून नाही लिहीत मी."

"पुढच्या वर्षी मारशील?"

"मारेन की."

"आणि मग मध्ये ही जागा का सोडलीस?"

तो खांदे उडवून म्हणाला, "चुकून राहिली." आठ वर्षांत ज्याची ओळ सुतभर इकडची तिकडे झाली नाही, त्याची म्हणे जागा चुकून राहिली. मला त्याचा इतका राग आला, आणि त्याच वेळी त्याच्या पाया पडावंसं वाटलं. काय करावं ते न कळून मी त्याला ताटात आणखी एक कबाब वाढला.

पुढच्या वर्षी शर्यत झालीच नाही. अमरातच्या त्या रस्त्यावर घरं उठायला लागली आणि परवानगी मिळेना. क्लब जुन्या गाड्यांची प्रदर्शनं भरवायला लागला, मग चहापार्ट्या, मग तेही कमी झालं. हिरवी गाडी एका हौशी ओमानी माणसाने नेली. शुक्रवारची मासळी मात्र पुन्हा सुरू झाली ती कायमची. त्या फेऱ्याचा विषय कोणी काढला नाही. मी एकदा काढला होता, तर तो म्हणाला, "इन्शाल्ला, वहिनी," आणि भात मागितला.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली तेव्हा त्याच्या कामाचा व्हिसा पुढे वाढेना. त्याने वाद घातला नाही. बायकोने राजीनामा दिला, सामान बांधलं. त्यांना सीबला विमानतळावर सोडायला आम्ही दोघं आमची साधी जपानी गाडी घेऊन गेलो. मागे बॅगा, मध्ये बॅगा, मांडीवर बॅगा. निघता निघता तो नवऱ्याला म्हणाला, "साहेब, आज मी चालवू?" नवऱ्याने किल्ली दिली. आणि ह्याने गाडी विमानतळाकडे न वळवता वादी अदाईतून सरळ अमरातच्या घाटीत घातली.

"अरे, कुठे? फ्लाइट जाईल!"

"नाही जात, साहेब."

माझ्या नवऱ्याने घड्याळ आणि कपाळ दोन्हीवर हात मारला. मला मात्र कळलं. पेंटरीणबाईलाही कळलं, कारण तिने माझा हात घट्ट धरला.

त्या गोल रस्त्यावर आता दोन्ही बाजूंना घरं होती, भिंतींवरून बोगनवेल आलेली. शर्यत जिथून सुटली होती तिथे एक किराणा दुकान झालं होतं. त्याने दुकानासमोर गाडी पूर्ण थांबवली आणि मग सोडली. गतिरोधकच अकरा की बारा होते, मी मोजले नाहीत. प्रत्येकावर बॅगा उडायच्या. एका ठिकाणी गॅसचा ट्रक आडवा, त्याच्यामागे थांबलो. एका ठिकाणी दोन शेळ्या रस्त्यात निवांत उभ्या. नवरा ओरडला, "यल्ला, हॉर्न मार!" पण पेंटरने हॉर्न मारला नाही. त्याने शेळ्या जाईपर्यंत वाट बघितली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ सरळ, नजर पुढे. इतक्या हळू कोणी शर्यत पुरी केली नसेल. दुकान परत समोर आलं, त्याने ब्रेक लावला आणि मागे वळून आमच्याकडे बघितलं.

आम्ही दोघींनी हात पुढे केले. तिचा अंगठा मधल्या बोटाच्या टोकावर होता, माझा अंगठ्याशेजारच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर. "बारा," ती म्हणाली. "बारा," मी म्हणाले.

विमानतळावर आत जाताना त्याने खिशातून एक बारीक ब्रश आणि सोनेरी रंगाची चिमुकली डबी काढून माझ्या हातात ठेवली. "वहिनी, तुमचं अक्षर चांगलं आहे," म्हणाला. "ती जागा मी सोडली होती."

क्लब तेव्हा नावालाच उरला होता, पण त्याची कुरुमची खोली होती आणि फळाही होता. मी पुढच्याच शुक्रवारी स्टुलावर चढले. आयुष्यभर शाईने लिहिलेली बाई मी, तेलरंगाचा ब्रश कधी धरला नव्हता. ब्रश वळवावा तिकडे न जाता भलतीकडेच जायचा, श्वास रोखला तर आणखीच. एक ओळ लिहायला दोन तास लागले. फोटो काढून वसईला पाठवला.

तीन आठवड्यांनी फोन आला.  मी दोनदा हॅलो हॅलो केलं, ओरडले, ठेवणारच होते. मग तो म्हणाला, "वहिनी, शेवटचं अक्षर जरा तिरकं आलंय."

मी म्हणाले, "मग ये आणि सरळ कर."

"नको," तो म्हणाला, "राहू दे. दिसतंय की." आणि तो रडायला लागला, आणि मी फोन कानाला धरून तशीच उभी राहिले.